बीट कोणाचं, ते आधी विचार

भावा, रॅप ऐकायला सुरुवात केलीस, छान. पण नुसता आवाज ऐकू नकोस, बीट (रॅपमागचं संगीत) कोणाचं ते बघ. २०१५ मधलं 'मेरे गली में' सगळ्यांना पाठ आहे, डिव्हाइन आणि नेझी हे दोघं रॅपर घराघरांत पोचले. त्याचं बीट बनवणाऱ्या दिल्लीच्या सेझचं नाव मात्र दहातल्या दोघांनाही सांगता येणार नाही. आपल्याकडे बीट बनवणारा प्रोड्युसर म्हणजे लग्नातला आचारी. जेवण सगळ्यांना आवडतं, त्याला विचारतं कोण?

मराठीसाठी मुंबईच्या 'स्वदेशी' या रॅप गटापासून सुरू कर. त्यातल्या एमसी मवालीचं मराठी ऐक. मग अमरावतीचा १०० आरबीएच (वाचायचं 'सौरभ') ऐक, पण शांतपणे, दोनदा. 'स्वदेशी'चं २०१९ चं 'द वारली रिव्होल्ट' ऐकताना मुंबईतल्या आरे जंगलात राहणाऱ्या प्रकाश भोईरांच्या आवाजाकडे कान दे, जंगलाची बाजू तिथलाच माणूस मांडतोय. त्याच गटाचा एमसी तोडफोड गुजरातीतही रॅप करायचा. २०२२ मध्ये तो गेला, अवघ्या चोविसाव्या वर्षी. त्याचं जुनं काम शोधून ऐकच.

आता लिहिण्याचं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे 'केलं-गेलं-मेलं' हे यमक फुकटात मिळतं. म्हणूनच ते पडेल वाटतं. चांगला रॅपर ओळीच्या मधले शब्द जुळवतो. आणि पुणेरी 'शुद्ध' बोलायच्या फंदात पडू नकोस. घरी जसं बोलतोस तसंच लिही. व्ह्यूज बघून गाणं निवडत असशील, तर मात्र माझा सल्ला वाया गेला म्हणायचा.