सतराला अडू द्या

प्रश्न : सर, माझा मुलगा पाचवीत आहे. 35 गुणिले 18 हे गणित त्यानं उभी मांडणी न करता 70 गुणिले 9 असं करून 630 उत्तर काढलं. शाळेत ‘रीत चुकली’ म्हणून त्यावर काट मारली गेली. तेव्हापासून तो प्रत्येक पायरीला विचारतो, ‘असं केलं तर चालेल का?’ गाइडापेक्षा गणित जरा वेगळं आलं की पेन खाली. काय करू?
— एक आई, सांगली

उत्तर : ताई, ती वही जपून ठेवा. एक संख्या दुप्पट आणि दुसरी निम्मी केली तर गुणाकार तोच राहतो, हे तुमच्या लेकानं स्वतः हेरलं. आज जेवणं झाली की त्याला म्हणा, ‘तुझी युक्ती 35 गुणिले 17 ला लावून दाखव.’ सतराचं निम्मं करताना तो अडेल. अडू द्या. उत्तर ओठांवर आलं तरी गप्प बसा. मास्तरकीत मला हेच सगळ्यात उशिरा जमलं. कदाचित तो सोळा धरून एक 35 मागाहून मिळवेल, कदाचित साडेआठवर जाईल. 595 आलं तरी आधी ‘कसं आणलंस?’ विचारा. चुकलं तरी तेच, त्याच आवाजात. चुकल्यावरच ‘कसं’ विचारलं की पोरं लगेच ओळखतात.

2005 च्या महापुराच्या काही वर्षं आधी मी वर्ग घेऊन सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवं, म्हणजे हळद साठवायची जमिनीतली कोठारं, बघायला गेलो होतो. जमिनीत पुरलेल्या हळदीला कीड का लागत नाही, असं विचारलं. बराच वेळ कुणी बोलेना. मग एक मुलगी म्हणाली, ‘किड्यालाबी श्वास लागतो की!’ बंद पेवात हवा संपते, म्हणून उघडल्यावर माणूसही लगेच आत उतरत नाही, हे पुढं मुलांनीच जुळवलं. तेवढ्यात मागून एकानं विचारलं, ‘सर, नदी वर आली तर?’ कृष्णा शेजारीच. मी म्हणालो, ‘विषय सोडून बोलू नकोस.’ पुढं त्या महापुरात तिथली कितीतरी पेवं पाण्यात गेली. त्या मुलाला मी गप्प बसवलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

‘चालेल का?’ विचारलं की ‘करून बघ’ म्हणा. शाळेत भांडू नका. वही घेऊन दोघं जा आणि बाईंना युक्ती त्यालाच समजावू द्या. परीक्षेत शाळेची रीत लिहू दे, ताळा मात्र स्वतःच्या रीतीनं करू दे.