दुधात निळा लिटमस तांबूस, तांबडा निळसर: मुलीने लिहिलेलं बरोबर आहे

ताई, तुमच्या आठवीतल्या मुलीने घरी दुधाचा थेंब दोन्ही लिटमस कागदांवर टाकला. निळा किंचित तांबूस झाला आणि तांबडा किंचित निळसर. मग दूध आम्ल की आम्लारी, आणि तिचं काही चुकलं का, असं तुम्ही विचारलंत. काही चुकलेलं नाही. मी बरीच वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आहे. असं उत्तर येतं तेव्हा मुलं ते खोडून पुस्तकातलं लिहितात. तिला ते खोडू देऊ नका.

आपण पाठ करतो की आम्लात निळा लिटमस तांबडा होतो आणि आम्लारीत तांबडा निळा. पण हा बदल सामू ७ ला एकदम होत नाही (सामू म्हणजे pH, आम्ल-आम्लारीचं माप: ७ मधोमध, त्याखाली आम्ल, वर आम्लारी). साधारण ४.५ च्या खाली लिटमस पूर्ण तांबडा असतो, ८.३ च्या वर पूर्ण निळा, आणि मधल्या पट्ट्यात जांभळट. ताज्या दुधाचा सामू ६.६ च्या आसपास, म्हणजे दूध अगदी सौम्य आम्लधर्मी आहे, पण लिटमसच्या दृष्टीने ते त्या जांभळ्या पट्ट्यात पडतं. म्हणून निळा कागद जांभळ्याकडे सरकला की तो तांबूस वाटतो, आणि तांबडा त्याच जांभळ्याकडे सरकला की निळसर. दोन्ही कागद खरं तर एकाच रंगाकडे निघाले होते.

आता पुढचा प्रश्न तिला पडेलच, म्हणून आधीच सांगते. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी घेतलं तर दोन्ही कागद जसेच्या तसे राहतात. त्याचाही सामू ७ च्या जवळपास, मग ते जांभळे का होत नाहीत? कारण तांबड्या कागदावर रंगासोबत थोडं आम्ल असतं आणि निळ्यावर थोडी अल्कली, म्हणजे आम्लारी. ती मोडून काढायची ताकद शुद्ध पाण्यात नाही. दुधात मात्र प्रथिनं आणि फॉस्फेटचे क्षार आहेत. ते कागदावरचं थोडं आम्लही पचवतात आणि थोडी अल्कलीही, आणि कागदाला आपल्या सामूवर ओढून आणतात. अशा द्रावणाला बफर म्हणतात. आठवीच्या अभ्यासात हे नसेल, पण जिने स्वतः पाहिलं आहे तिला ते कळेल.

खायच्या सोड्याचंही असंच. त्याच्या द्रावणाचा सामू साधारण ८.३, बरोबर काठावर. त्यामुळे तांबडा लिटमस हळूहळू आणि फिकट निळा होतो. कपड्याचा सोडा किंवा चुन्याची निवळी घेतली तर झटकन गडद निळा होईल. हे तिन्ही शेजारी शेजारी करून बघा, फरक डोळ्यांना दिसतो. पण लिटमस तेवढंच सांगतो. लिंबाचा रस आणि व्हिनेगर यांत जास्त आम्लधर्मी कोण, हे त्याला विचारून उपयोग नाही, दोन्हीकडे तो सारखाच तांबडा.

कागद आणि वस्तू दोन्ही कोरड्या असतील तर काहीच होत नाही. सायट्रिक ॲसिडचे खडे कोरड्या निळ्या कागदावर ठेवा, रंग तसाच राहील. पाण्याचा एक थेंब टाका, लगेच तांबडा डाग. आम्ल असो की आम्लारी, आपला गुण दाखवायला पाणी लागतं. अमोनियाची चाचणी घेताना परीक्षानळीच्या तोंडाशी ओला तांबडा लिटमस धरायला सांगतात तो यासाठीच.

कागद बोटांनी धरू नका, घाम थोडा आम्लधर्मी असतो. चिमटा वापरा. आणि डबी घट्ट बंद ठेवा. आमच्या प्रयोगशाळेत एकदा हायड्रोक्लोरिक आम्लाच्या बाटलीशेजारी राहिलेली निळ्या लिटमसची अख्खी गड्डी तांबूस होऊन गेली होती. ब्लीचवर मात्र घरी चाचणी करू नका. ते आधी तांबडा कागद निळा करतं आणि मग रंगच उडवून पांढरा करतं, त्यामुळे मुलं गोंधळतात. शिवाय ब्लीचमध्ये चुकून टॉयलेट क्लीनरचं आम्ल मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू निघतो.

तिला आवडेल अशी एक गोष्ट: लिटमसचा रंग दगडफुलाच्या जातकुळीतून येतो. आपण गोडा मसाल्यात घालतो ते दगडफूल वेगळं, लिटमस देणारं रोसेला वेगळं, पण दोन्ही लायकेनच. हॉलंडमध्ये ते अमोनिया, पोटॅश आणि चुना घालून आठवडेच्या आठवडे आंबवत. आधी तांबडा आणि मग निळा रंग उतरे, तो खडू किंवा जिप्समबरोबर मळून त्याच्या लहान वड्या करत. हळदीचा डाग साबणाने लाल होतो तीही अशीच दर्शकाची, म्हणजे रंग बदलून आम्ल-आम्लारी दाखवणाऱ्या पदार्थाची करामत, फक्त हळद आम्लात पिवळीच राहते, म्हणून आम्ल ओळखायला ती चालत नाही.

वहीत तिला एवढंच लिहू द्या: 'दोन्ही कागद जांभळट झाले, दूध अगदी सौम्य आम्लधर्मी.' मग त्याच दुधातलं अर्धं रात्री विरजण लावून ठेवा. सकाळी दह्याच्या निवळीत निळा कागद बुडवा. दही साडेचारच्या आसपास उतरलेलं असतं, त्यामुळे या वेळी तो चांगलाच तांबडा होईल.