टेक्सासमध्ये एआर-१५ जोडून घेतोय, कॅलिबर कोणतं ठरवावं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: डॅलसजवळ राहता, ग्रीन कार्ड झालंय, एआर-१५ ही रायफल तयार न घेता भाग निवडून जोडून घ्यायची आहे. बराचसा वेळ रेंजवर, आणि हिवाळ्यात ओळखीच्या रँचवर रानडुक्कर किंवा हरीण. .२२३, ५.५६, .३०० ब्लॅकआउट आणि ६.५ ग्रेंडेल या कॅलिबरांपैकी, म्हणजे काडतुसाच्या मापांपैकी, काय घ्यावं?

मी तुमच्या जागी असतो तर पहिली नळी .२२३ वाइल्ड चेंबरची घेतली असती (चेंबर म्हणजे नळीत काडतूस बसण्याची जागा). डुकरांच्या शिकारीची खरंच गोडी लागली, तर नंतर ६.५ ग्रेंडेलचा वेगळा अपर, म्हणजे नळीसकट रायफलचा वरचा भाग.

अपर वेगळा घेता येतो हेच एआर-१५चं मोठं बलस्थान आहे. अमेरिकी संघीय कायद्याने बंदूक म्हणजे फक्त लोअर रिसीव्हर, म्हणजे खालचा भाग, ज्यावर क्रमांक कोरलेला असतो आणि जो डीलरकडून घेताना सहसा तपासणी होते. नळी आणि बोल्ट (काडतुसामागे चेंबर बंद करणारा भाग) असतात वरच्या भागात. दोन पिना दाबल्या की अख्खा अपर निघतो आणि त्याच लोअरवर दुसऱ्या कॅलिबरचा बसतो. त्यामुळे आज घेतलेला निर्णय जन्मभराचा नाही. मर्यादा एकच, ती मॅगझिनच्या, म्हणजे काडतुसांच्या पेटीच्या, खाचेची: काडतूस एकूण २.२६ इंचांपेक्षा लांब असेल तर ते एआर-१५मध्ये मावत नाही. .३०८ विंचेस्टर किंवा ६.५ क्रीडमूर हवं असेल तर थेट एआर-१० वर्गाची जड रायफल घ्यावी लागते, आणि तिथे एका कंपनीचे भाग दुसरीला बसतीलच असं नाही. पहिल्या जोडणीला ती वाट धरू नका.

आता .२२३ आणि ५.५६. बाहेरून काडतूस जवळजवळ तेच, फरक चेंबरमध्ये आहे. ५.५६ नाटोच्या चेंबरमध्ये गोळीला नळीच्या आतल्या पिळदार आट्यांना भिडण्याआधी थोडी जास्त मोकळी जागा मिळते. .२२३ रेमिंग्टनच्या चेंबरमध्ये ती कमी असते, म्हणून तिथे ५.५६चं काडतूस उडवलं तर दाब नको इतका वाढू शकतो. उलट बाजूने, म्हणजे ५.५६च्या चेंबरमध्ये .२२३, काही धोका नाही, अचूकता मात्र थोडी कमी होऊ शकते. बिल वाइल्ड यांनी आखलेलं चेंबर दोन्ही काडतुसं सुरक्षितपणे घेतं आणि नेमबाजीतही मागे पडत नाही. नळीवर काय कोरलंय ते विकत घेण्याआधी स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. आट्यांचा पीळ ८ इंचांत एक असा घ्या, म्हणजे ५५ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं एकक) स्वस्त गोळीपासून ७७ ग्रेनच्या जड गोळीपर्यंत सगळं चालतं. लांबी १६ किंवा १८ इंच. १६पेक्षा आखूड नळीच्या रायफलला संघीय कायद्याखाली वेगळी नोंदणी लागते, त्या फंदात आत्ता पडू नका.

या कॅलिबरचा खरा फायदा सरावात आहे. धक्का कमी, काडतूस कोणत्याही दुकानात मिळतं, आणि ग्रेंडेलचं एक काडतूस साधारण याच्या दुपटीहून महाग पडतं. नवा माणूस ज्या रायफलवर मनमुराद सराव करू शकतो, तिच्यावरच त्याचा हात बसतो. टेक्सासमध्ये हरणाला सेंटरफायर, म्हणजे तळाच्या मध्यभागी पेटणारं, काडतूस चालतं, म्हणून .२२३ने हरीण मारणं कायदेशीर आहे. पण ५५ ग्रेन म्हणजे जेमतेम साडेतीन ग्रॅमची गोळी. रेंजवर वापरतो ती पूर्ण धातूच्या वेष्टनाची गोळी शिकारीला अजिबात नेऊ नका. सलग तांब्याची किंवा बाँडेड (शिसं वेष्टनाला घट्ट जोडलेली) गोळी घ्या, अंतर शंभर यार्डांच्या आत ठेवा, आणि जनावर आडवं उभं नसेल तर चाप ओढू नका. जखमी होऊन पळालेलं जनावर रात्रभर झुडपात तडफडत राहतं. कॅलिबरच्या चर्चेत मला सगळ्यात जास्त काळजी याच गोष्टीची वाटते.

ग्रेंडेल इथेच उपयोगी पडतं. मोठ्या नर डुकराच्या खांद्यावर कातडीखाली चिवट ऊतींची जाड ढाल असते, आणि त्याचं काळीज हरणाच्या मानाने खाली आणि पुढे, जवळजवळ पुढच्या पायामागे दडलेलं असतं. हलकी गोळी तिरकी लागली तर आत पोचेलच याची खात्री नाही. ६.५ ग्रेंडेलची नेहमीची १२३ ग्रेनची गोळी म्हणजे सुमारे आठ ग्रॅम, लांब आणि निमुळती. वेग सेकंदाला अडीच हजार फुटांच्या आसपास. नळीच्या तोंडाशी ऊर्जा .२२३च्या साधारण १३०० फूट-पाउंडांवरून १७००-१८००वर जाते, आणि दोनशे यार्डांनंतरही ती टिकून राहते. धक्का तरीही .३०८पेक्षा बराच कमी. याची किंमत बोल्टमध्ये मोजावी लागते. काडतुसाचा तळ रुंद, म्हणून बोल्टचं तोंड जास्त कोरावं लागतं आणि कडेचं लोखंड पातळ राहतं. त्यातही या बोल्टांच्या खाचेची खोली दोन प्रकारची असते. म्हणून नळी आणि बोल्ट एकाच कंपनीचे, जोडीने घ्या, आणि पहिला बार काढण्याआधी गनस्मिथकडून हेडस्पेस (बंद बोल्ट आणि चेंबर यांमधलं काडतुसाच्या जागेचं माप) तपासून घ्या. मॅगझिनही ग्रेंडेलचीच लागतात.

.३०० ब्लॅकआउट मी मुद्दाम शेवटी ठेवलंय. कागदावर ते फार मोहक दिसतं: .२२३चाच बोल्ट, .२२३चंच मॅगझिन, बदलायची फक्त नळी. सायलेन्सर लावून, आवाजाच्या वेगाखालची जड गोळी वापरायची असेल तर ते उत्तम आहे. पण त्या गोळीची ऊर्जा ५०० फूट-पाउंडांच्या आसपासच असते. मोठ्या डुकरासाठी मी ती वापरणार नाही.

आणि धोका त्याच सोयीत आहे. हे काडतूस .२२३च्याच मॅगझिनमध्ये बसतं. चुकून ते ५.५६च्या रायफलमध्ये गेलं, तर काही गोळ्यांच्या बाबतीत बोल्ट पूर्ण बंदही होतो. मग ७.८ मिलिमीटरची गोळी ५.७ मिलिमीटरच्या नळीत घुसवण्याचा प्रयत्न होतो आणि रिसीव्हर डोळ्यांसमोर फुटतो. हे अमेरिकेत अनेकांच्या बाबतीत घडलंय. घरात दोन्ही कॅलिबर ठेवायचीच असतील तर ब्लॅकआउटची मॅगझिन वेगळ्या रंगाची घ्या, अंधारातही हाताला कळेल अशी खरखरीत पट्टी त्यांवर चिकटवा, आणि रेंजवर एका वेळी एकाच कॅलिबरची पिशवी न्या. पहिल्या रायफलसाठी मी हे कॅलिबर सुचवणार नाही, याचं मुख्य कारण हेच.

दुसऱ्या राज्यात शिकारीला जायचा बेत असेल तर कॅलिबरचं गणित बदलतं. व्हर्जिनियात हरणासाठी किमान .२३ कॅलिबर लागतं, कोलोरॅडोत मोठ्या शिकारीला किमान .२४, म्हणजे दोन्हीकडे .२२३ बाद. ओहायोत हरणासाठी रायफलचं काडतूस सरळ भिंतीचंच, म्हणजे मानेशी अरुंद न होणारं, लागतं. २०१९मध्ये विंचेस्टरने आणलेलं .३५० लेजंड अशाच राज्यांसाठी आहे, आणि तेही एआर-१५मध्ये बसतं. पेनसिल्व्हेनियात तर हरणावर सेमी-ऑटोमॅटिक रायफल चालतच नाही. निघण्याआधी त्या राज्याच्या वन्यजीव विभागाचे चालू हंगामाचे नियम वाचा.

तुमच्याकडे ग्रीन कार्ड आहे म्हणून तुम्हाला अडचण नाही. पण हे उत्तर एच-१बी या कामाच्या व्हिसावरचे मराठी वाचकही वाचतील, त्यांच्यासाठी सांगतो. नॉनइमिग्रंट व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा काडतुसं बाळगणं हा संघीय गुन्हा आहे. त्याला जे थोडे अपवाद आहेत, त्यांतला नेहमी उपयोगी पडणारा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. टेक्सासमध्ये खासगी जमिनीवर, मालकाच्या परवानगीने रानडुक्कर मारायला २०१९पासून परवाना लागत नाही, म्हणून काहीजण तो काढत नाहीत. एच-१बीवर असाल तर डुकरांसाठी नको असला तरी हातातल्या रायफलसाठी तो लागतोच. मित्राची रायफल रेंजवर धरायची असेल तरी आधी परवाना काढा, आणि त्याची मुदत संपण्याची तारीख व्हिसाच्या तारखेइतक्याच काळजीने लक्षात ठेवा.