गाठ संशयाची आहे, थायरॉइड अर्धी काढू की पूर्ण?

प्रश्न: डॉक्टर नमस्कार, माझं वय ३९, सांगलीकडे शाळेत शिकवते. गळ्याला उजवीकडे गाठ लागली म्हणून सोनोग्राफी केली, १.८ सेंमीची निघाली, मग एफएनएसी (सुईने पेशी काढून तपासणी) केली तर रिपोर्टमध्ये बेथेस्डा ५ (सहापैकी पाचवी पायरी), कॅन्सरचा संशय असं आलंय. डावी बाजू साफ आहे, मानेत दुसऱ्या गाठी नाहीत, टीएसएच (थायरॉइडचं काम दाखवणारी रक्ततपासणी) नॉर्मल, कुठलीही गोळी चालू नाही. एक सर्जन म्हणतात फक्त उजवी बाजू काढू, दुसरे म्हणतात पूर्णच काढा, मागे कटकट नको. मिस्टरांचं पण तेच, एकदाच काय ते होऊन जाऊ दे. मला आवाजाची भीती वाटते. काय करू?

उत्तर: ताई, आधी हे सांगते की दोन्ही सर्जन आपापल्या जागी बरोबर असू शकतात. २००९ च्या अमेरिकन गाइडलाइनमध्ये १ सेंमीच्या वरचा थायरॉइड कॅन्सर म्हटलं की साधारण पूर्ण ग्रंथी काढा असंच होतं, २०१५ ला ते बदललं आणि १ ते ४ सेंमीची गाठ ग्रंथीच्या बाहेर गेलेली नसेल, मानेतल्या लसिका गाठींमध्ये (लिम्फ नोड्समध्ये) पसरलेली दिसत नसेल, तर अर्धी काढलेली पण चालते असं आलं. त्यामुळे कोण कधी शिकलंय आणि कुठे काम केलंय यावर पण सल्ला बदलतो, त्यात कुणी फसवतंय असं नाही.

आता तुमच्या रिपोर्टचं. बेथेस्डा ५ म्हणजे कॅन्सर नक्की झालाय असं नाही, अशा गाठींपैकी साधारण चारातल्या तीन कॅन्सरच्या निघतात आणि एक निघत नाही. म्हणजे पूर्ण ग्रंथी काढली आणि बायॉप्सीत, म्हणजे काढलेल्या ग्रंथीच्या तपासणीत, गाठ साधी निघाली तर? थायरॉइड हार्मोनची जन्मभराची गोळी मात्र लागलीच. हा मुद्दा मिस्टरांना नीट सांगा, कारण ‘एकदाच काय ते’ ऐकायला बरं वाटतं पण रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घ्या, मग अर्धा-पाऊण तास चहा नाही, कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर चार तासांचं अंतर, टीएसएच तपासत राहा, हे काही एकदाचं नाही. अर्ध्या ऑपरेशननंतर पण काहींना गोळी लागते हं, पण बऱ्याच जणींचं उरलेल्या अर्ध्यावर निभतं.

दुसरं म्हणजे कॅल्शियम. थायरॉइडच्या मागे मसुराएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात, पूर्ण ऑपरेशनमध्ये चारही धोक्यात येतात, त्या दुखावल्या की हातापायाला मुंग्या, वांब येणं, बहुतेकांचं काही आठवड्यांत ठीक होतं पण थोड्या लोकांना कॅल्शियम कायमचं लागतं. एकच बाजू काढली तर दुसरीकडच्या दोन शाबूत राहतात. आवाजाच्या नसांचंही तसंच, दोन्हीकडे एकेक नस असते, अर्ध्यात एकाच नसेजवळ हात जातो. तुम्ही शिक्षिका, तुमच्यासाठी ही छोटी गोष्ट नाही.

मग पूर्ण कशाला काढतात? गाठ ४ सेंमीपेक्षा मोठी, दुसऱ्या बाजूला पण संशय, मानेत पसरलेलं, लहानपणी गळ्याला रेडिएशन मिळालेलं, अशा वेळी पूर्णच. रेडिओआयोडीन (उरलेल्या थायरॉइड पेशी मारणारं किरणोत्सारी आयोडीन) द्यायचं असेल तर आधी पूर्ण ग्रंथी काढावीच लागते, आणि नंतर थायरोग्लोब्युलिनच्या (थायरॉइडच्या पेशीच बनवतात त्या प्रथिनाच्या) रक्ततपासणीवर लक्ष ठेवणं सोपं जातं. तुम्ही लिहिलंय त्यात यातलं काही दिसत नाही.

म्हणून मी अर्ध्याच्या बाजूने आहे. पण एक किंमत मान्य करून जा, बायॉप्सीत प्रकार आक्रमक निघाला किंवा गाठ रक्तवाहिन्यांत शिरलेली दिसली तर उरलेली बाजू काढायला परत जावं लागेल. त्या बाजूला आधी हात लागलेला नसतो त्यामुळे ते ऑपरेशन लोकांना वाटतं तेवढं अवघड नसतं, पण दुसरी भूल, दुसरा खर्च, परत दवाखाना, हे आहेच. ‘परत जावं लागेल का’ या विचाराने तुम्हाला झोपच लागणार नसेल तर पूर्ण काढणं पण चुकीचं नाही, ते तुमचं तुम्ही ठरवायचं.

ठरवायच्या आधी मानेच्या लसिका गाठींची सोनोग्राफी थायरॉइड नेहमी बघणाऱ्या रेडिओलॉजिस्टकडून एकदा करून घ्या, सगळा निर्णय त्यावर उभा आहे. एफएनएसीच्या स्लाइड्स दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवता येतात, मुंबईला टाटा कॅन्सर हॉस्पिटलला जाणार असाल तर स्लाइड्स आणि ब्लॉक (मेणात जपलेला नमुना, असेल तर) घेऊनच जा. ऑपरेशनआधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून स्वरतंतू बघून घ्या. आणि सर्जनना सरळ विचारा, वर्षाला थायरॉइडची किती ऑपरेशनं करता? वर्षाला २५ च्या वर करणाऱ्यांकडे त्रास कमी होतो असं अभ्यासात दिसलंय, विचारायला लाजू नका. या सगळ्यात तीन-चार आठवडे गेले तरी घाबरू नका, या प्रकारचा कॅन्सर बहुतेक वेळा हळू चालतो.

शाळेचं म्हणाल तर सगळं नीट झालं तर दोन-तीन आठवड्यांत वर्गावर जाता येतं, फक्त सुरुवातीला आवाज लवकर थकतो, तेव्हा माइक मागून घ्या.