रस्ता कोणाचा, अर्ज कोणाकडे?

वाचकांचे प्रश्न : गोव्यातील गाव, नगरपालिका आणि सार्वजनिक सेवा

प्रश्न : आमच्या वाड्यावरचा डांबरी रस्ता तीन मीटर रुंदीचा. दर जुलैत त्याच तीन जागी खड्डे पडतात. पंचायतीत गेलो की साबांखाकडे (सार्वजनिक बांधकाम खात्याकडे) पाठवतात, साबांखाचे कनिष्ठ अभियंता म्हणतात हा पंचायतीचा रस्ता. चतुर्थी जवळ आली की कोणीतरी खडी आणि माती टाकून जातो, ती आठ दिवसांत वाहून जाते. नेमके काय करावे? – एक वाचक, डिचोली तालुका

उत्तर : आधी रस्त्याचा मालक कागदावर शोधा. भूमापन नकाशाची प्रत काढा आणि रस्ता त्यात रस्ता म्हणून दाखवला आहे की कोणाच्या सर्व्हे क्रमांकातून जातो ते बघा. सर्व्हे क्रमांकातून जात असेल तर त्याचा एक-चौदाचा उतारा (जमीन कोणाच्या नावे आहे ते दाखवणारा) घ्या. जमीन कोमुनिदादची (गावकरी संस्थेची) किंवा खासगी निघाली तर ‘हा आमचा नाही’ या उत्तरामागचे कारण तिथेच सापडते.

मग पंचायत आणि साबांखाचा रस्ते विभाग, दोन्हीकडे माहिती अधिकारात एकच अर्ज द्या. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. पंचायतीत माहिती अधिकारी म्हणजे सचिव. उत्तर आले नाही किंवा अपुरे आले तर पुढच्या ३० दिवसांत गटविकास अधिकाऱ्यांकडे पहिले अपील करता येते. अर्जात तीनच गोष्टी विचारा : हा रस्ता तुमच्या कार्यालयाच्या रस्त्यांच्या यादीत आहे का, शेवटचे हॉटमिक्स (गरम डांबर-खडीचा थर) कधी झाले, त्या कामाचा दोषदायित्व कालावधी (कामातल्या दोषांना कंत्राटदार जबाबदार असण्याची मुदत) कोणत्या तारखेला संपतो. तिसरा प्रश्न सगळ्यांत मोलाचा. कालावधी अजून चालू असेल तर खड्डे बुजवणे कंत्राटदारावर बंधनकारक आहे, तेही त्याच्याच खर्चाने. तेव्हा ‘रस्ता दुरुस्त करा’ असे लिहू नका, ‘निविदेतील अटीप्रमाणे कंत्राटदाराकडून दुरुस्त करून घ्या’ असे लिहा. पहिल्या अर्जाला निधी नसल्याचे उत्तर देता येते, दुसऱ्याला येत नाही.

आता खड्डे त्याच जागी का पडतात ते. डांबराला पाणी मारते, वाहनांचा नंबर त्यानंतर. डांबर आणि खडी यांच्यात पाणी शिरले की डांबर खडीला सोडते, वरून चाक गेले की खडी सुटते. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तो रस्त्यावर थांबला नाही तर फारसे बिघडत नाही. थांबला तर उत्तम डांबरही टिकत नाही. म्हणून खड्ड्याकडे बघण्याआधी साइडपट्टी, म्हणजे डांबराच्या कडेची मातीची पट्टी, बघा. गवत आणि माती साचून ती रस्त्यापेक्षा उंच झालेली असते, पाणी गटारात उतरत नाही आणि कडेलाच तळे होते. ती छाटून रस्त्यापेक्षा खाली आणणे हे फावडे-कुदळीचे काम आहे आणि ते मे महिन्यात व्हायला हवे. दुसरे, रस्त्याचा उतार. मुसळधार पावसाच्या भागात मध्यापासून कडेपर्यंत अडीच टक्के उतार हवा. तुमच्या तीन मीटरच्या रस्त्यात मध्य कडेपेक्षा साधारण पावणेचार सेंटिमीटर उंच असला पाहिजे. आडवी दोरी ताणून पट्टीने मोजता येते. खड्डा पडतो त्या तिन्ही जागा मोजा. रस्ता तिथे सपाट किंवा उलट्या उताराचा निघण्याची शक्यता मोठी आहे.

खड्डा बुजवायची रीत अशी. सुटी खडी काढून खड्ड्याभोवतीचा पाच ते दहा सेंटिमीटर चांगला भागही चौकोनी कापायचा, कडा उभ्या ठेवायच्या. गोल, उतरत्या कडेला डांबर-खडीचा माल पातळ बसतो आणि पापुद्र्यासारखा निघतो. तळ कोरडा करून धूळ झाडायची, तळाला आणि कडांना इमल्शनचा (पाण्यात मिसळलेल्या पातळ डांबराचा) पातळ हात द्यायचा. इमल्शन तपकिरीचे काळे झाल्यावरच माल भरायचा. खड्डा खोल असेल तर थर साडेसात सेंटिमीटरहून जाड नको, प्रत्येक थर दाबायचा आणि शेवटचा थर दाबण्यापूर्वी रस्त्यापेक्षा किंचित वर ठेवायचा. एक मीटर लांब, साठ सेंटिमीटर रुंद, साडेसात सेंटिमीटर खोल खड्ड्याला दाबलेला माल सुमारे १०० किलो लागतो. पावसाळ्यात गरम माल मिळत नाही, तेव्हा तयार कोल्डमिक्सच्या (गरम न करता भरायच्या डांबर-खडीच्या) २५ किलोच्या चार पिशव्या. एकच पिशवी ओतून कोणी जात असेल तर काम पुरे झालेले नाही, हे तिथल्या तिथे सांगा. मातीमिश्रित खडी मात्र टाकू देऊ नका. ती चिखल होऊन गटारात जाते आणि गटार तुंबून पुढचा खड्डा तयार होतो.

पूर्ण हॉटमिक्स हवे असेल तर महिना महत्त्वाचा. गोव्यात ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरातल्या एखाद्या रविवारी होतात. ठरावानंतर अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मान्यता, निविदा, कामाचा आदेश एवढे टप्पे असतात. एप्रिलात मागितलेले काम पावसाआधी होत नाही. जुलैच्या ग्रामसभेत लांबी, रुंदी आणि साइडपट्टीसह ठराव घ्या आणि ऑक्टोबरच्या सभेत तो कुठवर पोचला हे विचारा. मागच्या सभेचे इतिवृत्त वाचले जाते तेव्हा तुमचा ठराव तुमच्याच शब्दांत लिहिला आहे ना, तेही ऐका. ‘रस्त्याबाबत चर्चा झाली’ एवढेच लिहिलेले असेल तर तो ठराव नव्हे, तिथेच हरकत घ्या.

प्रश्न : जलवाहिनीसाठी नवा रस्ता खोदला. वरून डांबर केले, पण पहिल्याच पावसात लांबलचक चर खचला. असे का होते? – एक वाचक, फोंडा तालुका

उत्तर : चर एकदम भरला म्हणून. काढलेली माती सगळी एका दमात ढकलली की वरचा भाग दाबला जातो आणि खालचा पोकळ राहतो. पाणी मुरले की ती पोकळी बसते आणि वरचे डांबर तिच्याबरोबर जाते. भरणी पंधरा-पंधरा सेंटिमीटरच्या थरांनी, प्रत्येक थर कॉम्पॅक्टरने दाबून व्हावी लागते. वरचे थर मातीचे नकोत, खडीचे हवेत. पावसाळ्याच्या तोंडावर खोदले असेल तर त्या वर्षी पक्के डांबर करूच नये. खडी दाबून तात्पुरता पृष्ठभाग द्यावा, बसेल तशी भर घालावी आणि नोव्हेंबरात दोन्ही बाजूंचे पंधरा सेंटिमीटर जुने डांबर कापून हॉटमिक्स करावे.

खोदणाऱ्याने रस्त्याच्या मालकाकडून परवानगी घेतलेली असते आणि पूर्ववत करण्यासाठी रक्कमही भरलेली असते. त्या परवानगीच्या पत्राची प्रत मागा. पूर्ववत करायचे काम खोदणारे खाते करणार की रस्त्याचे खाते, हे त्यात लिहिलेले असते. तक्रार त्याच कार्यालयाकडे करा, चराची लांबी आणि खचलेली खोली मोजून.

प्रश्न : सरपंच म्हणतात वित्त आयोगाचे पैसे खात्यात आहेत, पण रस्त्याला वापरता येत नाहीत. हे खरे की टाळाटाळ? – एक वाचक, केपे तालुका

उत्तर : बऱ्याच अंशी खरे. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२२ ते २०२५-२६ या वर्षांच्या अनुदानातला ६० टक्के भाग स्वच्छता आणि पिण्याच्या पाण्यासाठी बांधून दिलेला आहे. उरलेल्या ४० टक्क्यांतून रस्ता, गटार अशी कामे घेता येतात, पण ती पंचायतीच्या विकास आराखड्यात असली पाहिजेत. म्हणून ‘पैसे किती’ असे न विचारता ‘न बांधलेल्या भागातले किती शिल्लक आणि आमचे काम आराखड्यात कोणत्या क्रमांकावर’ असे विचारा.

प्रश्न : बालोद्यानातला झोपाळा तळाशी गंजला आहे. तीन वर्षांपूर्वीच बसवला होता. पालिका म्हणते उद्यान अजून ताब्यात आलेले नाही. – एक वाचक, किनारी भागातील नगरपालिका क्षेत्र

उत्तर : एक खाते किंवा महामंडळ उद्यान बांधते आणि देखभाल दुसऱ्याकडे जायची असते. हस्तांतराचा कागद मधेच अडकला की उद्यान बेवारशी होते. मुख्याधिकाऱ्यांना लेखी विचारा : हस्तांतर झाले का, नसेल तर कोणत्या त्रुटीसाठी थांबले. तोवर धोकादायक खेळणे दोरी बांधून बंद करण्याची विनंती त्याच पत्रात करा. मूल पडेपर्यंत कागदाची वाट बघण्यासारखी ही गोष्ट नाही.

समुद्राजवळ खारा वारा लोखंड खातो आणि सुरुवात नेहमी खांब काँक्रीटला मिळतो तिथे होते, कारण तिथे पाणी साचते. काँक्रीटचा माथा खांबापासून बाहेर उतरता करावा. नवे खेळणे गरम जस्ताचा मुलामा दिलेले घ्यावे. मुलाम्यानंतर जोड वेल्ड केला तर तो आधी गंजतो. रंगाखाली फुगवटा दिसला की हातोडीने ठोकून बघा. पत्रा आत गेला तर खांब बदलायचा, रंगवायचा नाही. झोपाळ्याची कडी साखळीला घासून झिजते ती जागाही दर महिन्याला तपासावी. खेळण्याखाली पेव्हर किंवा काँक्रीट नको. तीस सेंटिमीटर भुसभुशीत रेती हवी आणि भोवती निदान सहा फूट मोकळी जागा, झोपाळ्याच्या पुढे-मागे त्याहून जास्त. किनाऱ्यावरची रेती आणू नये, तिच्यातला क्षार खांबाला आणखी खातो.

प्रश्न : रस्त्यावरचा दिवा महिनाभर बंद आहे. – एक वाचक, पेडणे तालुका

उत्तर : खांबावरचा क्रमांक टिपून वीज खात्याच्या १९१२ वर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक घ्या. क्रमांक पुसला असेल तर जवळच्या दोन खांबांचे सांगा. नवा दिवा हवा असेल तर आधी पंचायतीचा ठराव लागतो.

प्रश्न : शाळेसमोर गतिरोधक हवा. पंच स्वखर्चाने सिमेंटचा करून देतो म्हणतात. – एक वाचक, सत्तरी तालुका

उत्तर : नको म्हणा. हातभर रुंदीचा उंच बांध दुचाकी पाडतो आणि रुग्णवाहिकेतल्या माणसाला हादरा देतो. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकातला गतिरोधक वाहनाच्या दिशेने ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी १० सेंटिमीटर उंच असतो. ताशी २५ किलोमीटरच्या वेगाने जाणारे वाहन तो सहज ओलांडते. ४० मीटर आधी फलक हवा, वर पट्टे हवेत आणि रात्री ते दिसायला हवेत. गटाराच्या बाजूला पाण्याला वाट सोडायला सांगा, नाहीतर पावसात तोच बांध होतो आणि त्याच्या वरच्या अंगाला खड्डा पडतो. अर्ज रस्त्याच्या मालकाकडे द्या, सोबत शाळेचे पत्र आणि वाहतूक पोलिसांना प्रत. शाळा सुटण्याच्या अर्ध्या तासात किती वाहने जातात ते तीन दिवस मोजून आकडा जोडा.