होर्वात, नेमेत, तोत ही हंगेरियन आडनावं असलेले लोक मूळचे परके असतात का?

असतीलच असं नाही. शब्दशः अर्थ खरा आहे: होर्वात म्हणजे क्रोएशियन, नेमेत म्हणजे जर्मन, तोत हे स्लाव्ह लोकांसाठीचं (पुढे मुख्यतः स्लोव्हाकांसाठीचं) जुनं नाव. पण आडनाव बहुधा शेजारी पाडत. त्यामुळे त्या मुलखातून आलेला, ती भाषा बोलणारा किंवा तिथे व्यापाराला जाणारा माणूसही ‘नेमेत’ ठरू शकत असे.

बाकीच्या आडनावांचे प्रकार आपल्याला अनोळखी वाटणार नाहीत:

- धंद्यावरून: कोवाच (लोहार), साबो (शिंपी), मोलनार (पिठाच्या गिरणीवाला), युहास (मेंढपाळ)
- रूपावरून, सवयीवरून: नॉज (मोठा), किश (लहान), बालोग (डावखुरा)
- गावावरून: सेगेदचा तो सेगेदी. शेवटचा ‘ई’ म्हणजे थेट आपला ‘कर’.

यात कोवाच हा शब्दच स्लाव्हिक भाषांतून आलेला आहे, म्हणून शब्दाच्या मुळावरून घराण्याचं मूळ काढायला जाऊ नये.

उलट बाजूनेही फसगत होते. एकोणिसाव्या शतकापासून अनेकांनी जर्मन आणि स्लाव्ह आडनावं टाकून हंगेरियन घेतली. कवी शांदोर पेतोफी जन्माने पेत्रोविच. दोन्हींचा अर्थ ‘पीटरचा मुलगा’, म्हणजे त्यांनी आपलं आडनाव चक्क भाषांतरित केलं! घराण्याचा माग काढायचा असेल तर चर्चच्या जन्मनोंदी आणि नावबदलाची कागदपत्रं बघा. त्यातल्या हंगेरियन भाषेतल्या नोंदींत आडनाव आधी आणि नाव नंतर असतं, हे मात्र लक्षात ठेवा.