वाचकांचे प्रश्न : जुना संगणक पळवावा की जपावा?

जुने डेस्कटॉप संगणक जमवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या वाचकांची पाच पत्रे या वेळी उत्तरासाठी घेतली आहेत. पत्रे लांब होती, म्हणून प्रश्नापुरता मजकूर ठेवून बाकीचा गाळला आहे.

प्रश्न : जुन्या बाजारात मला ४८६ प्रोसेसरचा मदरबोर्ड भंगाराच्या भावात मिळाला. त्यावरच्या पिंपासारख्या निळ्या बॅटरीभोवती हिरवट-पांढरी बुरशी आल्यासारखी दिसते. वीज दिल्यावर पंखा फिरतो, पण पडद्यावर काही उमटत नाही. हा बोर्ड वाचेल का? — एक वाचक, पुणे

उत्तर : सर्वप्रथम त्याला पुन्हा वीज देऊ नका. आपण पाहिलेली ती बुरशी नव्हे, ३.६ व्होल्टच्या निकेल-कॅडमियम बॅटरीतून गळलेल्या अल्कलीने तांबे खाल्ल्याची ती खूण आहे. बोर्ड वीस-तीस वर्षे माळ्यावर पडून असला, तरी हा द्राव ओलाव्याच्या साहाय्याने तांब्याच्या रेषांखालून पसरतच राहतो. या बॅटरीची जागा बहुधा कीबोर्डच्या सॉकेटजवळ असते, त्यामुळे कीबोर्ड सांभाळणारी चिप आणि तिच्या आसपासच्या रेषा सर्वांत आधी बळी पडतात.

बॅटरी कापून काढावी. मग त्या भागावर जुन्या टूथब्रशने पांढरे व्हिनेगर लावावे, म्हणजे अल्कलीचा जोर मरतो. त्यानंतर डिस्टिल्ड वॉटरने आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन बोर्ड किमान दोन दिवस वाळू द्यावा. (व्हिनेगरचा वास घरभर दरवळतो आणि स्वयंपाकघरातून विचारणा होते, हे आधीच सांगून ठेवतो.) बोर्ड वाळला की भिंग आणि मल्टीमीटर घेऊन एकेक रेष तपासावी. जी तुटली असेल तिच्या दोन्ही टोकांवरचे काळे तांबे खरवडून लख्ख करावे आणि बारीक एनॅमलच्या तारेने जोड द्यावा. काळ्या तांब्यावर सोल्डर धरत नाही.

नवी बॅटरी लावताना बहुतेकांची एक चूक होते. निकेल-कॅडमियमच्या जागी थेट साधा सेल लावला, तर बोर्ड त्याला चार्ज करू पाहतो, आणि तो सेल त्यासाठी बनवलेलाच नसतो. बोर्डवर बाहेरच्या बॅटरीसाठी चार पिनांची जागा असेल, तर तीन पेन्सिल सेलांचा होल्डर तिथे जोडून जंपर (बोर्डावरच्या पिना जोडणारी छोटी टोपी) त्याप्रमाणे बदलावा. तशी जागा नसेल, तर मध्ये डायोड घालावा, तो वीज एकाच दिशेने जाऊ देतो. होल्डर मात्र कॅबिनेटच्या पत्र्याला चिकटवावा, बोर्डाच्या अंगावर नव्हे, म्हणजे पुढे कधी सेल गळले तरी नुकसान पत्र्याचे होईल.

प्रश्न : माझ्याकडे ४४०बीएक्स चिपसेटचा मदरबोर्ड आणि स्लॉट वनचा सेलेरॉन ३००ए आहे. बसचा (प्रोसेसर आणि रॅम यांना जोडणाऱ्या मार्गाचा) वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्‌झ केल्यावर प्रोसेसर ४५० वर चालतो, विंडोज ९८ सुरू होते, पण दहा-पंधरा मिनिटांनी सगळे गोठते. व्होल्टेज वाढवू का? माझे मित्र म्हणतात की, इतक्या जुन्या यंत्राला पळवणे हा अत्याचार आहे. — एक वाचक, सांगली

उत्तर : मित्रांच्या आक्षेपाचे आधी पाहू. २४ ऑगस्ट १९९८ रोजी इंटेलने हा प्रोसेसर आणि ४५० मेगाहर्ट्‌झचा पेंटियम टू असे दोन्ही एकाच दिवशी बाजारात आणले. घाऊक खरेदीत पहिल्याची किंमत १४९ डॉलर होती आणि दुसऱ्याची ६६९. त्याच वर्षी आधी आलेल्या सेलेरॉनला दुय्यम कॅशच (वारंवार लागणारी माहिती हाताशी ठेवणारी जलद मेमरी) नव्हती आणि त्यामुळे त्याची बरीच थट्टा झाली होती. ३००ए मध्ये मात्र १२८ केबी कॅश प्रोसेसरच्याच चिपवर होती आणि ती प्रोसेसरच्या पूर्ण वेगाने चालत असे, तर पेंटियम टूची ५१२ केबी कॅश वेगळ्या चिपांवर बसून निम्म्या वेगाने चाले. प्रोसेसरचा वेग वाढवू पाहिले की पेंटियम टूमध्ये अनेकदा या बाहेरच्या चिपाच आधी हात टेकत. ३००ए मध्ये तो अडसर उरलाच नव्हता. गुणक (बसच्या वेगाला ज्याने गुणून प्रोसेसरचा वेग ठरतो तो आकडा) साडेचारवर कायमचा बांधलेला असल्याने वेग वाढवण्याचा मार्ग एकच होता, तो म्हणजे बस १०० वर नेणे, आणि १०० गुणिले साडेचार म्हणजे थेट ४५०. ज्या प्रोसेसरची ओळखच ओव्हरक्लॉकिंगमुळे, म्हणजे ठरवून दिलेल्यापेक्षा अधिक वेगाने चालवल्यामुळे, झाली, त्याला ३०० वर ठेवून काचेच्या कपाटात मांडणे मला तरी कृतघ्नपणाचे वाटते. शिवाय हा प्रोसेसर दुर्मिळ नाही. एक गेला तर दुसरा मिळतो. दुर्मिळ वस्तूबाबत माझे उत्तर निराळे असते, ते आपल्याला साताऱ्याच्या पत्रात दिसेल.

आता गोठण्याकडे वळू. व्होल्टेज हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. आधी बस ६६ वर परत आणून यंत्र तीन-चार तास चालवून पाहावे. तेव्हाही ते गोठत असेल, तर दोष ओव्हरक्लॉकिंगचा नाही. ६६ वर ठीक चालत असेल, तर माझा पहिला संशय रॅमवर जातो. १०० मेगाहर्ट्‌झच्या बसला पीसी-१०० दर्जाची रॅम लागते, आणि त्या काळच्या जोडणीत पीसी-६६ ची पट्टी सर्रास सापडते. पट्टीवरील चिपांच्या क्रमांकाच्या शेवटी १० असेल, तर ती साधारणतः १० नॅनोसेकंदांची, म्हणजे ६६ साठीची समजावी. ८ असेल तर ती चालण्याची शक्यता बरीच. मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर लावून ठेवला की याचा निकाल लागतो.

दुसरा संशय उष्णतेचा. पंचवीस वर्षांत हीटसिंकखालची थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली असते आणि पंख्याच्या बेअरिंगमधले तेल संपलेले असते. पेस्ट नवी लावावी आणि पंखा बदलावा. चाचणी शक्यतो एप्रिल-मेच्या दुपारी घ्यावी, कारण डिसेंबरात खुशाल चाललेले ४५० वैशाखात चालेलच असे नाही.

तिसरा आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित संशय म्हणजे प्रोसेसरच्या स्लॉटशेजारचे कपॅसिटर. त्यांचे माथे फुगले असतील किंवा बुडाशी तपकिरी ओल दिसत असेल, तर प्रोसेसरला मिळणारा विद्युतदाब स्थिर राहात नाही, आणि वेग वाढवल्यावर हा दोष उघडा पडतो. ते बदलताना धारकता तीच ठेवावी, व्होल्टची क्षमता तेवढी किंवा थोडी जास्त घ्यावी आणि १०५ अंशांचे, कमी ईएसआर (अंतर्गत रोध) असलेलेच कपॅसिटर वापरावेत. ऋण बाजूचा पट्टा उलट बसला, तर फटाका फुटतो, हे मी एका दिवाळीच्या सुट्टीत स्वतः अनुभवले आहे.

एवढे करूनही गोठत असेल, तर मूळ २.० व्होल्टवरून २.१ आणि फार तर २.२ पर्यंत जावे. त्यापुढे मी जाणार नाही. काही नग ४५० ला पोहोचतच नाहीत, आणि तसे असेल तर ते मान्य करावे. मात्र अशा वेळी तडजोड म्हणून बस ८३ वर ठेवण्याचा मोह टाळावा. १०० वर बीएक्स चिपसेट पीसीआयसाठी (जोडकार्डे आणि डिस्क ज्या मार्गाने जोडलेल्या असतात त्यासाठी) बसचा तिसरा हिस्सा घेतो, म्हणून ती नेहमीच्या ३३ मेगाहर्ट्‌झवरच राहते. ८३ वर पुष्कळ बोर्ड निम्मा हिस्सा घेतात आणि पीसीआय ४१ च्या पुढे जाते. मग प्रोसेसर केवळ ३७५ वर असूनही हार्ड डिस्कवरची माहिती नासू लागते. ४५० पेक्षा ३७५ जास्त धोक्याचे, ही गोष्ट ऐकायला विचित्र वाटते, पण या बोर्डांबाबत ती खरी आहे.

आणखी एक जोड. ज्या बीएक्स बोर्डाच्या बायोसमध्ये (यंत्र सुरू होताना चालणाऱ्या मांडणीच्या प्रोग्रॅममध्ये) बसचा वेग बदलण्याची सोय नसते, तिथे त्या काळी लोक प्रोसेसरच्या काठावरील बी-२१ हा संपर्क चिकटपट्टीच्या चिंचोळ्या तुकड्याने झाकत, म्हणजे बोर्ड त्याला १०० च्या बसचा प्रोसेसर समजे. पट्टी काढली की प्रोसेसर पूर्ववत, त्यामुळे ही युक्ती मला विशेष प्रिय आहे.

प्रश्न : न्यू जर्सीत राहणाऱ्या भावाने त्याचा १९९० च्या दशकातला संगणक सामानाबरोबर पाठवला आहे. साधा प्लग बदलून तो लावता येईल का? — एक वाचिका, ठाणे

उत्तर : प्लगला हात लावण्यापूर्वी एसएमपीएसच्या (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) मागच्या बाजूचा लहान लाल स्विच पाहा. तो अमेरिकेत ११५ वर असतो आणि आपल्याकडे २३० वर सरकवावा लागतो. ११५ वर ठेवून आपली वीज दिली, तर आतली दाब दुप्पट करणारी जोडणी तशीच चालू राहते, २०० व्होल्टच्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट येतात आणि एसएमपीएस पहिल्याच क्षणी स्फोटासह संपतो. स्विच नसेल, तर लेबलावर १०० ते २४० असे लिहिले आहे का ते वाचावे. तसेही नसेल, तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. मॉनिटरचे लेबल वेगळे वाचावे. जुना पिक्चर ट्यूबचा मॉनिटर उघडू मात्र नका, कारण त्यातला काही हजार व्होल्टचा भार प्लग काढल्यानंतरही टिकून राहू शकतो.

प्रश्न : पांढरे कॅबिनेट पिवळे पडले आहे. हायड्रोजन पेरॉक्साइडने ते पुन्हा पांढरे होते, असे ऐकले. करू का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : होते, पण टिकतेच असे नाही. केस रंगवण्याच्या सामानात १२ टक्के पेरॉक्साइडचे क्रीम मिळते. हातमोजे घालून ते सुट्या प्लॅस्टिकवर सारखे पसरावे, वर पातळ प्लॅस्टिकचा कागद लावावा, उन्हात ठेवावे आणि दर अर्ध्या तासाने क्रीम पुन्हा सारखे करावे. हा कंटाळा केला, की कॅबिनेटवर ढगांसारखे चट्टे उठतात, आणि ते घालवता येत नाहीत. माझ्याकडे असे एक कॅबिनेट भिंतीकडे तोंड करून उभे आहे. काही वर्षांनी पिवळेपणा पुष्कळदा परततो. माझे म्हणाल, तर मी हल्ली साबणाच्या पाण्याने धुतो आणि पिवळे ते पिवळेच ठेवतो.

प्रश्न : आमच्या छापखान्यात १९९२ च्या सुमारास घेतलेला ३८६ संगणक असून त्यात मराठीसाठी गिस्ट कार्ड आहे. शेजारीच नंतर घेतलेला पेंटियम आहे, त्याच्या प्रिंटरच्या पोर्टला मराठी डीटीपी सॉफ्टवेअरचे लॉक लावलेले आहे. दोन्हींच्या डिस्कवर गावातल्या अंकांचा मजकूर आहे. मुलगा म्हणतो की, ३८६ चा वेग वाढवून त्यावर जुने खेळ खेळू. आपले मत काय? — एक वाचक, सातारा

उत्तर : चिरंजीवांना खेळासाठी दुसरा बोर्ड आणून द्यावा, या ३८६ चे जंपरसुद्धा हलवू नयेत. जगभरचे संग्राहक ज्या ग्राफिक्स कार्डांच्या मागे लागतात ती कार्डे लाखांनी बनली आणि जगभर जपलीही जात आहेत. गिस्ट कार्ड आपण जपले नाही, तर दुसरे कोणी जपणार नाही. या तंत्राची सुरुवात आयआयटी कानपूर येथे झाली आणि १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने ते कार्डरूपाने छापखान्यांत आणि कचेऱ्यांत पोहोचवले. अक्षरे जुळवण्याचे काम कार्डच करीत असल्याने केवळ इंग्रजीसाठी लिहिलेल्या डॉसच्या प्रोग्रॅममध्येही देवनागरी उमटत असे. जोडाक्षर पडद्यावर नीट दिसावे एवढ्यासाठी संगणकात स्वतंत्र कार्ड बसवावे लागत होते, हे आजच्या मोबाइलवर मराठी लिहिणाऱ्याला सांगूनही पटत नाही.

यंत्र चालू करण्याची घाई करू नये. आधी ३८६ ची घड्याळाची बॅटरी पाहावी. पुण्याच्या वाचकाला दिलेले उत्तर इथेही लागू आहे. मग डिस्क काढून तिची पूर्ण प्रत घ्यावी. यूएसबीचे अडॅप्टर इतक्या जुन्या आयडीई डिस्क बहुधा ओळखत नाहीत, म्हणून आयडीई पोर्ट असलेला मधल्या काळातला एखादा संगणक वापरावा, आणि बायोसमध्ये डिस्कच्या लेबलावरील सिलिंडर, हेड आणि सेक्टरचे आकडे हाताने भरावेत. प्रत दोन ठिकाणी ठेवल्याशिवाय मूळ डिस्कवर काहीही लिहू नये.

मजकुराबाबत आपण सुदैवी आहात. गिस्टवरचा मजकूर इस्की या संकेतप्रणालीत असतो, जिचे १९९१ चे रूप आयएस १३१९४ या क्रमांकाने भारतीय मानक झाले. तिच्यात पहिले १२८ संकेत इंग्रजीचे तसेच ठेवून वरची जागा भारतीय लिपींना दिलेली आहे, आणि युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही इस्कीच्याच आधीच्या आवृत्तीवरून घेतलेली आहे. त्यामुळे हा मजकूर युनिकोडमध्ये आणणे सोपे असते. पेंटियमवरचा डीटीपीचा मजकूर मात्र तसा नाही. त्यात अक्षर साठवलेले नसून त्या विशिष्ट फॉन्टमधील आकाराचा क्रमांक साठवलेला असतो, म्हणून त्या फॉन्टचा स्वतंत्र रूपांतरक लागतो, आणि रूपांतरानंतर वेलांट्या व रफार डोळ्यांनी तपासावे लागतात.

प्रिंटरच्या पोर्टवरील ते लॉक हरवले, तर सॉफ्टवेअर उघडणार नाही, आणि प्रिंटरसाठी मिळणारी यूएसबी केबल लावून ते नव्या संगणकावर चालण्याची आशाही फारशी नाही. त्यावर सॉफ्टवेअरचे नाव लिहिलेली चिठ्ठी बांधून ते पेंटियमच्याच कॅबिनेटमध्ये ठेवावे, कारण ड्रॉवरमधली अशी लॉके साफसफाईत प्रिंटरचा कुठलासा जोड समजून फेकली जातात.